बंबातलं अंडं

“हुंग,” मेंगाणे म्हणाले आणि पितळी तांब्या त्यांनी थेट माझ्या नाकाला लावला.

हुंगायची काही गरजच नव्हती. फाटकातून स्कूटर आत घेतानाच मला घाण आली होती. शी! चार दिवस उन्हात फुटून पडलेलं अंडं कसं घाणेल, तसला वास. आणि तोही गरम. गार घाण एक वेळ सोसते, गरम घाण घशात उतरते आणि तिथंच बसते.

“कसला वास हाय?” मेंगाण्यांनी विचारलं.

“अंड्यासारखा वाटतोय.”

“वाटतोय न्हाई. अंड्याचाच हाय,” ते म्हणाले आणि तांब्यातलं पाणी त्यांनी जमिनीवर ओतलं. “म्हणून तर तुला बोलावलं. बंब खोल. आतली टरफलं मला दाव.”

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. प्रतापराव मेंगाणे म्हणजे कागल रस्त्यावरचं, गाड्या भाड्यानं देणारं बडं प्रस्थ. त्या साली त्यांनी एक कॅम्पर गाडी बांधून घेतली होती. चाकावरचं घरच ते. आत झोपायच्या फळ्या, गॅसची शेगडी, इवलीशी मोरी, आणि मोरीच्या मागं गॅसवर पाणी तापवणारी टाकी. कोल्हापुरात त्या टाकीला कुणी गिझर म्हणेना. सगळ्यांच्या तोंडी बंबच. तो बंब मी बसवला होता. आमच्या अण्णांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. त्या वर्षी त्यांचा गुडघा गेला आणि काका लोक म्हणायला लागले की, पोरगी काय कारखाना चालवणार, विकून टाका. अण्णांनी त्यांना सांगितलं, दसऱ्याला मेंगाण्याची गाडी येतीय, ते काम उज्ज्वला एकटी करील, मग बोलू. तर ते माझं पहिलं काम. ते नीट झालं तर मेंगाण्यांच्या आणखी पाच गाड्या आमच्याकडं येणार होत्या.

गाडी आदल्या संध्याकाळी नऊ दिवसांची सहल करून परत आली होती. मेंगाण्यांच्या आई, सगळ्यांच्या आक्का, आपल्या भजनातल्या चौघींना घेऊन गोकर्ण, उडुपी, शृंगेरी करून आल्या होत्या. आक्का माळकरी. अंडं-मटण लांबच, पण अंड्याच्या ताटलीतला चमचासुद्धा त्यांच्या घरात येत नसे. आत्ता त्या लिंबाच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. पदर नाकाला लावलेला.

“नऊ दिवस मी त्या पाण्यानं आंघोळ केली गं,” त्या मला म्हणाल्या. “तेच हात घेऊन देवळात गेले. अजून अंगावरनं काहीतरी ओघळतंय असं वाटतंय. काल रात्रीपासनं तीन आंघोळी झाल्या.”

आणि बॉनेटपाशी, भर उन्हात, दस्तगीरमामा उभे होते.

दस्तगीरमामा मेंगाण्यांचे आठ वर्षांचे ड्रायव्हर. लांबच्या देवदर्शनाच्या गाड्या मेंगाणे त्यांनाच द्यायचे, कारण माणूस शांत, व्यसन नाही, म्हाताऱ्या बायकांना हात धरून पायरी उतरवणारा. अण्णांचे ते जुने दोस्त. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मला ओळखायचे. डोक्याची टोपी त्यांनी हातात घेतली होती आणि ती गोल गोल फिरवत होते.

“साहेब, मी परत सांगतो,” ते म्हणाले. “आक्का गाडीत असल्या की मी कांदासुद्धा खात न्हाई. नऊ दिवस वरण-भात खाल्लाय मी, त्यांच्याच पंगतीला.”

“मग हा वास कुठनं आला? आकाशातनं पडला?” मेंगाणे ओरडले. “बायका देवळात गेल्या की गाडीत तू एकटाच. आयतं उकळतं पाणी. टाकली अंडी बंबात, झालं काम!”

बंबात अंडी! वरच्या बाजूला तळहाताएवढं झाकण होतं, तेवढं खरं. पण मी सांगते तुम्हाला, शहाणासुरता माणूस, गाड्यांचा एवढा धंदा उभा केलेला, आणि त्याच्या डोक्यात हे आलं. बरं, एकदा आलं ते आलं, मग निघेना.

खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि ते असं होतं. बंबाची टाकी लोखंडी. लोखंड आणि गरम पाणी एकत्र आलं की गंज ठरलेला. म्हणून टाकीच्या आत एक सळी सोडतात. तिला अॅनोड रॉड म्हणतात. पाणी आधी त्या सळीला खातं, म्हणून टाकी वाचते. सळी मधून मधून काढून बघायची, निम्म्याच्या वर झिजली की बदलायची, टाकीतला गाळ धुऊन काढायचा, एवढीच तिची देखभाल. सळ्या दोन प्रकारच्या. एक मॅग्नेशियमची, ती राखण फार चांगली करते, पण बोअरच्या पाण्यात, आणि पाणी टाकीत तुंबून राहिलं की, कुजक्या अंड्यासारखी घाण सोडते. दुसरी अॅल्युमिनियम-जस्ताची, ती वास करत नाही. ही गाडी गावोगावच्या बोअरचंच पाणी भरणार, म्हणून दुकानदारानं मला जस्ताचीच घ्या म्हणून सांगितलं होतं. ती पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते. गाडी दोन दिवसांत द्यायची होती. मी मॅग्नेशियमची ठोकून दिली, नंतर बदलू म्हटलं, आणि विसरले. विसरले तेही एक वेळ ठीक, पण पाणी काढून टाकत जा, टाकी धूत जा, हेसुद्धा कुणाला सांगितलं नाही.

मी गाडीच्या मागं बसले आणि पाना लावला. सळी टाकीच्या बुडाच्या बुचालाच जोडलेली असते, बूच फिरवलं की दोन्ही एकदम बाहेर येतात. दोन वेढे फिरवले आणि भसकन आतलं सगळं माझ्या अंगावर आलं.

आई गं! काय ते पाणी! करडं, बुळबुळीत, शेंबडासारखे लोंबणारे धागे त्यात. माझी बाही भिजली, मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, एक थेंब ओठावर उडाला. मी थुंकले, परत थुंकले, बाहीनं तोंड पुसायला गेले तर बाहीच घाणीची. मागं मेंगाणे “छ्या छ्या छ्या” करत चार पावलं सरकले.

सळी माझ्या हातात होती. दाणे खाऊन टाकलेल्या कणसासारखी झाली होती ती. जाणत्या माणसानं एक नजर टाकली असती तर त्याला सगळं कळलं असतं. मी ती फडक्यात गुंडाळली आणि हत्यारांच्या पेटीच्या तळाशी घातली.

तेवढ्यात मेंगाणे ओरडले, “ही बघा! ही बघा टरफलं!”

पाण्याबरोबर पांढरे पापुद्रे बाहेर आले होते. पातळ, किंचित वाकलेले, बोटाच्या नखाएवढे. दसऱ्यापासून चार महिने बोअरचं जड पाणी तापवल्यावर टाकीला चुन्याचं कवच बसतं आणि ते असं पापुद्र्यांनी सुटतं. चहाच्या पातेल्यातही बसतं. पण दिसायला? देवा शप्पथ, अंड्याचं टरफलच.

मेंगाण्यांनी एक पापुद्रा चिमटीत धरला आणि आईच्या तोंडासमोर नाचवला. “आता बोल आक्का!”

“साहेब, ते अंड्याचं न्हाई,” दस्तगीरमामा म्हणाले.

“न्हाई? थांब. टरफलाची परीक्षा मला ठाऊक हाय. शाळेत केलीय आम्ही. लिंबाच्या रसात ते फसफसतं.”

आणि तो माणूस गेला की हो बंपरपाशी! शनिवारी बांधलेलं लिंबू-मिरची तिथं लटकत होतं. त्यातलं लिंबू त्यानं हिसकून काढलं, दातानं फोडलं, आणि पापुद्र्यावर पिळलं. पापुद्रा फसफसला. बारीक बारीक बुडबुडे आले त्याच्यावर. फसफसणारच! चुना आहे तो. अंड्याचं टरफलही चुन्याचं आणि बंबातला पापुद्राही चुन्याचा, लिंबाला दोन्ही सारखेच. हे मला माहीत होतं. त्या अंगणात एकट्या मला माहीत होतं.

“झालं!” मेंगाण्यांनी लिंबू फेकून दिलं. “आता काय बोलायचं राहिलंय? आठ वर्षं माझं मीठ खाल्लं आणि माझ्याच आईला बाटवली. आण तुझी पिशवी.”

मामांनी पिशवी आणली. मेंगाण्यांनी ती बॉनेटवर उलटी केली. लुंगी, टॉवेल, दाढीचं सामान, बीपीच्या गोळ्या, नातीसाठी उडुपीहून घेतलेल्या बांगड्या. स्टीलचा डबा. मेंगाण्यांनी तो उघडला आणि कुत्र्यासारखं नाक आत घातलं. वास आला नसावा, कारण मग त्यांनी लुंगीच हुंगली. मला काय किळस आली म्हणून सांगू! अंगावर ते बुळबुळीत पाणी वाळत होतं, त्याच्यापेक्षा जास्त आली. आणि मी काय केलं? पाना पुसत बसले.

“डबा धुतलाय,” मेंगाणे म्हणाले. “धुणारच. त्यांच्यात चालतंच की ते.”

“प्रताप, तसं बोलू नको,” आक्का पहिल्यांदाच जोरात बोलल्या. “आठ वर्षांत त्यानं मला कधी वावगं वागवलं न्हाई. घाण आली हे खरं. पण माणसाच्या पोटावर पाय द्यायचा तर नीट बघून.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “पोरी, तू या कामातली. बंब तू बसवलास. तू सांग मला. देवाला स्मरून सांग. हे अंडं हाय का?”

दस्तगीरमामांनी माझ्याकडं बघितलं. टोपी फिरायची थांबली. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, उलट सुटल्यासारखं काहीतरी होतं. म्हणजे आता झालंच, आता उज्ज्वला सांगणार.

एक वाक्य बोलायचं होतं. आक्का, माझी सळी चुकली. बस.

“असेल,” मी म्हणाले.

आक्कांनी डोळे मिटले. मेंगाण्यांनी हात पुढं केला, चावीसाठी. मामांनी चावी त्यांच्या हातात न देता बॉनेटवर ठेवली. मग त्यांनी सावकाश आपलं सामान गोळा केलं. एक बांगडी घरंगळत गाडीखाली गेली होती, ती काढायला ते त्याच घाण पाण्यात गुडघ्यावर बसले. ती पुसली, कागदात गुंडाळली, आणि फाटकातून चालत निघून गेले.

त्या दुपारी मी टाकी ब्लीचिंग पावडरनं धुतली, तीन पाणी काढली, आणि जस्ताची सळी बसवली. दुसऱ्या दिवसापासून पाणी काचेसारखं. मेंगाणे गावभर सांगत सुटले, “ड्रायव्हर बदलला आणि वास गेला! याच्याउप्पर काय पुरावा पाहिजे?” पाचही गाड्या आमच्याकडं आल्या. काकांची तोंडं बंद झाली. अण्णांनी वर्कशॉपच्या पाटीवर माझं नाव रंगवून घेतलं. आणि मी घरी गेले की कोपरापर्यंत हात साबणानं घासायची. आई म्हणायची, अगं कातडी सोलशील. वास हाताला नव्हताच, ते मलाही कळत होतं. तरी घासायची.

दोन-अडीच महिन्यांनी अण्णा जेवताना म्हणाले, “दस्तगीरला कुणी गाडीवर घेईना. मेंगाण्यानं समद्या ट्रॅव्हलवाल्यांना सांगून ठेवलंय. पोरं त्याला अंडीवाला म्हणत्यात. शेवटी त्यानं उचगावच्या पुलाजवळ खरंच अंड्याची गाडी टाकली बघ. उकडलेली अंडी विकतोय.” अण्णांना ते सांगताना हसू येत होतं, आणि वाईटही वाटत होतं. मी ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी कामावरून परत येताना मी उचगावला गेले. लांब उभी राहून बघितलं. मोठं पातेलं, खाली शेगडी, आणि मामा पळीनं अंडी वर-खाली करताहेत. पाण्याची वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. ज्या माणसानं आठ वर्षं आक्कांच्या गाडीत कांदा तोंडात घातला नाही, तो तिथं दिवसभर टरफलं सोलत उभा. आणि मी पाटीवाली! मला माझीच अशी शिसारी आली की तिथंच स्कूटर वळवली आणि सरळ मेंगाण्यांच्या घरी गेले.

मेंगाणे घरात नव्हते, बरंच झालं. आक्का ओट्यावर वाती वळत होत्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. सळीचं, बोअरच्या पाण्याचं, चुन्याचं, लिंबाचं. अंडं बिंडं काही नव्हतं, चूक माझी होती, म्हटलं.

आक्कांनी वळत आलेली वात खाली ठेवली. मग म्हणाल्या, “तुला हे कधी कळलं?”

“नंतर कळलं,” मी म्हणाले. “टाकी धुताना.”

त्यांनी वातींचं तबक बाजूला सारलं. “चल. मला घेऊन चल त्याच्याकडं.”

“आक्का, तिथं अंड्याची गाडी...”

“ऐकलंय मी. चल.”

सत्तरीची बाई पदर खोचून माझ्या स्कूटरवर मागं बसली. उचगावच्या पुलापाशी उतरली आणि गाडीला अगदी खेटून उभी राहिली. पुढ्यात सोललेल्या अंड्यांची ताटली, बाजूला टरफलांनी भरलेली बादली. दोन गिऱ्हाइकं होती, ती आक्कांच्या गळ्यातली माळ बघून जरा सरकली. मामांनी मान वर केली आणि पळी हातातच राहिली.

“आक्का, इथं नका उभं राहू,” ते गडबडीनं म्हणाले. “वास लागंल अंगाला.”

“लागू दे,” आक्का म्हणाल्या. “दस्तगीर, चुकलं रे बाबा. मोठं पाप झालं आमच्या हातनं. उद्या सकाळी गाडीवर ये. प्रतापला मी बघते.”

मामांनी शेगडी बारीक केली, फडक्याला हात पुसले. “न्हाई आक्का. येणार न्हाई.”

“रागावू नको. पोरीनं मला समदं सांगितलं आत्ता. बंबातली सळी चुकीची होती. तिलाच नंतर कळलं बिचारीला, टाकी धुताना.”

“टाकी धुताना?” मामा म्हणाले.

ते माझ्याकडं बघत होते. त्या अंगणात बघितलं होतं तसंच. आणि मी, तेव्हासारखंच, खाली बघितलं.

“आक्का, मी काय तुमच्यापासनं लपवत न्हाई,” मामा म्हणाले. “तिसऱ्या दिवशी, गोकर्णाहनं निघाल्यावर, वास यायला लागला तेव्हा मी हिला फोन केला. म्हटलं, पोरी, पाणी घाणतंय, बायका चुळबुळ करत्यात, काय करू? ही म्हणाली, मामा, सळी चुकली माझी. पुण्याहून दुसरी मागवते, आल्यावर बदलते. पण कुणाला बोलू नका, माझं पहिलं काम हाय, काका लोक टपलेत. मी म्हटलं, न्हाई बोलत.”

हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांत आत्तापर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही.

“मग त्या दिवशी का बोलला न्हाईस?” आक्कांनी विचारलं. “तुझी पिशवी उलटी केली, तरी का न्हाई बोललास?”

“शब्द दिला हुता. आणि ही हुतीच की तिथं. मी वाट बघत हुतो, आत्ता बोलंल पोरगी, आत्ता बोलंल. तुम्ही तिला देवाला स्मरून विचारलं तेव्हा तर मला वाटलं, सुटलो.” त्यांनी पळीनं पातेल्यातलं एक अंडं उगाच फिरवलं. “तिच्या बाला हे कळू देऊ नका. त्याला लई अभिमान हाय तिचा.”

मी म्हणाले, “मामा, मी...”

“तू जा, पोरी,” ते म्हणाले. रागानं नाही. गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

आक्का माझ्याकडं वळल्या. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं. बंबातलं ते पाणी बाहेर आलं तेव्हाही त्यांनी इतकं तोंड वाकडं केलं नव्हतं. मी स्कूटर सुरू केली, पुढं घेतली, मागं जागा करून थांबले.

“दस्तगीर,” आक्का म्हणाल्या, “मला घरापर्यंत एक रिक्षा बघून दे.”